दारातला पूल

अंबत्तूर,
१७ सप्टेंबर

प्रिय रंजू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी दचकशील आणि मग हसशील. शेवटचं पत्र मी तुला लिहिलं तेव्हा तू कोइमतूरला हॉस्टेलमध्ये होतीस, आणि त्या पत्रात बहुतेक लोणच्याची बरणी जपून उघड एवढंच होतं. आज लोणचं नाही. आज बातमी अशी की तुझी आई चौसष्टाव्या वर्षी सुतारकाम शिकली. ड्रिल चालवते, प्लायवूडची कड पॉलिश पेपरने घासते, आणि माप घेताना पेन्सिल कानावर ठेवायची सवय लागली आहे. काल तशीच पेन्सिल कानावर ठेवून मी दूध आणायला गेले आणि दुकानदाराने विचारलं, टीचरम्मा, पुन्हा शाळा सुरू केली का. डाव्या अंगठ्याला फोड आला आहे, पण तो सोल्डरच्या चटक्याचा. तेही शिकले.

काय बनवलं, तर अप्पांच्या खोलीभरच्या छोट्या रेल्वेला दार केलं. तू त्या खोलीत शेवटची कधी गेलीस कोण जाणे, म्हणून आठवण करून देते. चारही भिंतींना धरून वीस-वीस इंच रुंद फळ्या, माझ्या कोपरापर्यंत उंच, आणि त्यांच्यावरून गोल फिरणारी अप्पांची लाइन. स्टेशनं, यार्ड, बोटाएवढी माणसं, चिंचेची झाडं. उभं राहायचं ते खोलीच्या मध्यभागी. लाइन पूर्ण गोल हवी म्हणून एक फळी दाराच्या तोंडावरूनही जात होती, तिच्यावर नदी आणि नदीवर पूल. त्यामुळे आत जायचं तर त्या पुलाखालून, जवळजवळ रांगत. अप्पांनी त्यासाठी चाकांचं बुटकं स्टूल केलं होतं. त्यावर बसायचं, मान खाली घालायची आणि पायाने जमीन ढकलायची, की गेले पलीकडे. गिअरच्या कारखान्यातून यायचे, शर्ट बदलायचे, कॉफीचा पेला पुलावरून आत ठेवायचे आणि मागोमाग स्वतः खालून जायचे. निवृत्त झाल्यावर तर सकाळीही.

तू म्हणशील, सतरा वर्षं वाकून जात होते, मग आताच दार कशाला. सांगते. मला वाटलं होतं हळूहळू सांगावं, पण तुला लहानपणापासून आडवळणाने बोललेलं खपत नाही. अकरा एप्रिलला सकाळी मी इडलीचं पीठ ढवळत होते तेव्हा हॉलमध्ये पेला पडल्याचा आवाज आला. अप्पा खुर्चीत होते, पेपर मांडीवर होता आणि उजवा हात खुर्चीबाहेर नुसता लोंबत होता. काय झालं म्हणून विचारलं तर ओठ हलले, शब्द आला नाही. शेजारच्या हेमावतीने गाडी काढली म्हणून आम्ही वेळेवर पोचलो. अर्धांगवायूचा झटका होता. अकरा दिवस हॉस्पिटलात काढले. आता बरे आहेत, रंजू, खरंच बरे आहेत. वॉकर धरून घरभर चालतात. उजवा हात मात्र अजून उठत नाही, आणि बोलणं तुकड्यातुकड्याने परत येतं आहे. गंमत म्हणजे आधी परत आलं ते त्यांच्या आईच्या वेळचं तंजावरी मराठी. नवी नवरी असताना मी ज्याला तोंडावर पदर धरून हसायचे ना, तेच. आता एकेक शब्द ऐकायला कान देऊन बसते.

तुला कळवलं नाही, हा माझा अपराध. हॉस्पिटलात मी तुझा नंबर लावला होता, तेवढ्यात अप्पांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. तू त्याच आठवड्यात नाशिकच्या नव्या नोकरीवर रुजू झाली होतीस. मीही म्हटलं, जरा सावरू देत, मग सांगू. मग पुढचा रविवार आला, मग त्याच्या पुढचा. तू विचारायचीस, अप्पा कुठे आहेत, आणि मी म्हणायचे, आत आहेत. ते फोनवर कधी बोलतच नाहीत, त्यामुळे तुला शंका आली नाही. त्याचा फायदा मी पाच महिने घेतला. रागाव, तुझा हक्कच आहे तो. पण पत्र खाली ठेवू नकोस.

झटक्यानंतर ते त्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि पुलावरून आत बघत राहायचे. गाडी चालवायचं कंट्रोलर आत, रूळ पुसायचं फडकं आत, हे बाहेर. जुलैच्या सुरुवातीला एकदा मी भाजी घेऊन आले तर वॉकर दाराशी उभा आणि अप्पा नाहीत. वाकून पाहिलं तर पुलाखाली पडलेले, अर्धे आत अर्धे बाहेर, गाल फरशीला टेकलेला. स्टूलवर बसायला गेले असतील, ते सरकलं असेल. किती वेळ तसे होते देव जाणे. लागलं नव्हतं. मी खाली बसले आणि चिडून बोलले, काय हवं होतं आतलं, मी आणून दिलं नसतं का. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पापण्यांखालून पाणी आलं. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हेमावती आणि मी दोघींनी मिळून त्यांना उठवलं. संध्याकाळी त्यांनी खोलीकडे बोट दाखवून सगळं मोडून टाक अशी खूण केली. तोंडाने म्हणाले, "पोदुम." पुरे झालं.

खरं सांगू, हा शब्द मी कितीतरी वर्षं ऐकायला टपले होते. त्या फळ्यांखालची धूळ मी काढली, खाली लावलेला निळा पडदा मी शिवला, पाहुणे आले की लोकांच्या घरी पाहुण्यांची खोली असते, आमच्याकडे काटपाडी जंक्शन आहे, असं हसत सांगायचं कामही माझंच. आणि आता ते स्वतःच मोडा म्हणत होते तर मला ते ऐकवेना. ती खोली रिकामी झाली असती तर हा माणूस दिवसभर कशाकडे बघत बसला असता? माझ्याकडे? मी त्यांना तेवढी पुरणार नाही, हे मला छान माहीत आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नाही.

गजेंद्र तुला आठवत असेल, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीतला सुतार, अप्पा ज्याच्याकडून प्लायवूड कापून घ्यायचे. त्याला बोलावलं. तो खोलीभोवती नजर फिरवून म्हणाला, "अम्मा, मोडायचं असेल तर अर्धा दिवस. दार करायचं असेल तर दोन महिने. बोला."

"दार कर. मी बरोबर काम करणार."

"तुम्ही?"

"सत्तावीस वर्षं भूमिती शिकवली आहे मी."

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी जुना ॲप्रन घेऊन आला. माझी अट एकच होती. पुलाचा तुकडा एका हाताने उचलता आला पाहिजे, तोही डाव्या. अप्पांनी स्वतः उचलून शेजारच्या खुंट्यांवर टांगायचा आणि स्वतः आत जायचं. गजेंद्रने विचारलं, तुम्ही असताना सरांनी कशाला उचलायचं. मी म्हटलं, तू दोन किलोच्या वर जाऊ नकोस एवढंच बघ.

जुनी फळी कापायच्या दिवशी एक गोष्ट झाली, ती तुला सांगितलीच पाहिजे. पुलालगतचा निळा पडदा काढला तर दाराशेजारच्या फळीला आधार म्हणून तुझं अभ्यासाचं टेबल होतं. म्हणजे ते तिथे आहे हे मला ठाऊक होतं, पण इतकी वर्षं पडद्याआड होतं. पाय तसेच, कर्कटकाने कोरलेलं तुझं नाव तसंच. गजेंद्रने करवत लावली आणि मी म्हटलं, थांब. मला ती दिवाळी आठवली. पहिल्या सेमिस्टरनंतर तू घरी आलीस, बॅग घेऊन सरळ खोलीकडे गेलीस आणि दारातच उभी राहिलीस. पलंग हॉलमध्ये, पुस्तकं माळ्यावर, टेबल अर्धं कापून रुळांखाली. अप्पा उत्साहाने गाडी चालवून दाखवत होते. तू म्हणालीस, "माझ्या खोलीत मी आता वाकून यायचं का?" आम्ही दोघं हसलो. तूही हसलीस. त्यानंतर तू दोन रात्रींच्या वर या घरात कधी राहिली नाहीस, आणि आम्ही तिघांपैकी कुणी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मी मनात सगळा दोष अप्पांवर टाकून मोकळी झाले होते. पण ते टेबल कापताना दुसऱ्या बाजूने घट्ट धरून उभं कोण होतं? मी. हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं होतं. चांगली जड लाकडाची वस्तू वाया कशाला घालवायची, असंही मीच म्हणाले होते. त्यांना सुचलं, मी होऊ दिलं, आणि तुला विचारावं हे दोघांनाही सुचलं नाही. माझं चुकलं, रंजू. हे फोनवर सांगायला मला कधी जमलं नसतं.

टेबलाचा तो अर्धा भाग मी सोडवून घेतला आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. जाळायचं म्हटलंस तरी चालेल.

तर पूल. पहिला केला तो दुकानाच्या काउंटरच्या फळीसारखा, एका बाजूला बिजागरी, वर उचलला की रस्ता मोकळा. कागदावर अगदी सुंदर दिसत होता. प्रत्यक्षात उचलायला गेलो तर बिजागरीकडचे रूळ एकमेकांत घुसले आणि वाकले. बिजागरी रुळांच्या खाली होती, ती वर हवी, हे नववीतल्या मुलीने सांगितलं असतं. माझ्या भूमितीची लाज गेली. बिजागरी वर घ्यायची तर नदीच्या काठावर दोन लाकडी ठोकळे आले असते. अप्पांनी ते पाहून "नको" म्हटलं, इतकं स्पष्ट की मी आणि गजेंद्र एकमेकांकडे बघत राहिलो. मग ठरलं की पूर्ण सुटाच तुकडा करायचा. दोन्ही टोकांना पितळी खिळे, समोर त्यांना बसणारी पितळी भोकं, म्हणजे प्रत्येक वेळी तो त्याच जागी बसेल. तोही प्लायवूडचा केला, आणि दोन दिवस संध्याकाळी पाऊस झाला तर लाकूड फुगून बसेचना. पुन्हा सगळं सोडलं. तिसरा केला तो ॲल्युमिनियमच्या अँगलचा, वर पातळ फळी. वजन एक किलो सातशे ग्रॅम. घरच्या काट्यावर मावेना, म्हणून भाजीवाल्याकडे नेऊन तोलून आणला.

तो बसवला त्या दिवशी मी आतला झाडू आणायला पूल काढून आत गेले होते, आणि गजेंद्रने कंट्रोलर दारापर्यंत ओढून घेऊन, न बघताच, चाचणी म्हणून गाडी सोडली. अप्पांचं ते हिरवं डिझेल इंजिन तोऱ्यात वळण घेऊन आलं आणि नदीच्या काठावरून सरळ खाली फरशीवर. पुढची चाकं निघून माझ्या पायापाशी घरंगळत आली. गजेंद्रने कपाळाला हात लावला. मी अप्पांकडे बघायचं टाळत होते. कसलासा आवाज आला, मला वाटलं रडताहेत, बघते तर खांदे हलवून हसत होते. तोंड एका बाजूला वाकडं होतं पण हसणं पूर्ण होतं. एप्रिलपासून पहिल्यांदा. मग त्यांनी कागद मागितला आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्या रेघांनी, दोन रूळ काढले, पुलाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन-दोन फुटांवर रूळ तोडल्याच्या खुणा केल्या, आणि पुलाखाली एक बटण. त्यावर बोट आपटून म्हणाले, "करंट." आम्हा दोघांच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. पूल जागेवर बसला की बटण दाबलं जाईल आणि रुळात वीज येईल. पूल काढलेला असेल तर काठाआधीच गाडी आपोआप थांबेल. पुढचे चार दिवस ते खुर्चीत बसून बोटाने दाखवत होते आणि मी सोल्डर करत होते. चुकलं की खुर्चीच्या हातावर टकटक. कारखान्यातली पोरं त्यांना का घाबरायची ते मला आता कळलं.

नऊ सप्टेंबरला ते आत गेले. आम्ही कुणी हात लावला नाही. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभे राहिले, डाव्या हाताने पूल उचलला, दोनदा चुकून तिसऱ्यांदा खुंट्यांवर अडकवला, वॉकर पुढे केला आणि ताठ मानेने चालत खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.  मग खिशातून रुमाल काढला आणि यार्डातले रूळ पुसायला लागले. हेमावती टाळ्या वाजवायला आली होती, तिने हात तसेच खाली घेतले. गजेंद्र अवजारं आवरत असल्यासारखं करत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी टाकली, कारण मला दुसरं काय करावं कळेना. तेव्हापासून सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास ते आत असतात, स्वतः जातात, स्वतः बाहेर येतात. इंजिनाची चाकं बसवली आहेत एका हाताने. बोलणं शिकवणारी बाई म्हणते, आठवड्यात एवढी प्रगती तिने पाहिली नव्हती.

आता हे सगळं मी का लिहिते आहे ते. माझ्या उजव्या स्तनात गाठ आहे. अप्पा पुलाखाली अडकले त्याच आठवड्यात आंघोळ करताना हाताला लागली होती. ऑगस्टमध्ये तपासणी झाली, कर्करोगच निघाला. डॉक्टरबाई म्हणतात लवकर सापडला आहे, शस्त्रक्रिया करू, पुढे औषधं, बहुतेक बायका यातून चांगल्या उठतात. त्या सप्टेंबरच्या सुरुवातीलाच करू म्हणत होत्या, मी चार आठवडे मागून घेतले. त्यावरून त्यांनी मला पुष्कळ बोलून घेतलं आणि ते बरोबरच होतं, पण दार अर्धं ठेवून मला जाता येईना. आता तारीख ठरली आहे, एकोणतीस सप्टेंबर. परवा अप्पांना सांगितलं. म्हटलं, मी हेमावतीला विचारलं आहे, ती जेवण देईल, गजेंद्र रोज चक्कर टाकेल, रंजूला उगाच कशाला. ते उठले, वॉकर टेकत माझ्या कपाटापर्यंत गेले, शाळेतलं ते जुनं लेटरपॅड काढलं, येऊन माझ्यासमोर ठेवलं, आणि ज्या माणसाने मला पाच महिने तुला कळवू दिलं नाही तो म्हणाला, "रंजूला लिही." दोन शब्द सलग, एप्रिलपासूनचे पहिले. म्हणून लिहिते आहे, आणि नुसतं त्यांनी सांगितलं म्हणून नाही. हेमावती जेवण देईल, पण ऑपरेशनच्या खोलीत नेतील तेव्हा मला बाहेर हेमावती नको आहे. मला भीती वाटते आहे, बाळा. अप्पांसमोर ती दाखवता येत नाही. झोपायची सोय माझ्या पलंगावर आहे, तुझी खोली मी तुला परत देऊ शकत नाही हे खोटं न बोलता सांगते. घरी अथर्वला विचार, ऑफिसला कळव, आणि सव्वीसपर्यंत ये, म्हणजे अप्पांना अंघोळीला कसं बसवायचं, गोळ्या कुठल्या कधी, ते तुला दोन दिवसांत दाखवता येईल. जितके दिवस जमेल तितके दिवस राहा. मला तू हवी आहेस.

वाट पाहणारी, तुझीच
आई